मिरजेत इन्शुरन्स डेस्कवर नव्याने बसणाऱ्यांसाठी

मिरजेच्या हॉस्पिटलांत सांगली-कोल्हापूरचेच नव्हे, तर कर्नाटकातल्या अथणी-चिकोडीकडचेही पेशंट येतात. डेस्कवर नवीन बसलेल्याला पहिला धक्का बसतो तो विमा कंपन्यांच्या जुनाट कामाचा. सगळे कागद पोर्टलवर चढवूनही मूळ प्रती कुरिअरने मागणाऱ्या कंपन्या अजून आहेत. कंपनीच्या एका क्वेरीचं, म्हणजे शंकेचं, उत्तर दिलं की दुसरी येते. तिकडे पेशंट घरचे कपडे घालून तयार, आणि नातेवाईक काचेशी उभे: "ताई, आलं का अप्रूव्हल?"

बहुतेक क्वेरी ॲडमिशनच्या कागदातच दडलेल्या असतात. तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदार काकांची अँजिओप्लास्टी झाली. केसपेपरवर बीपी 'बरीच वर्षं' असल्याची नोंद होती. तेवढ्यावरून पॉलिसी घेताना आजार लपवल्याचा संशय घेऊन कंपनीने क्लेम अडकवला. काकांची पॉलिसी सलग पाच वर्षांहून जुनी होती, आणि 60 महिने सलग झाल्यावर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. आधीच्या सगळ्या पॉलिसींच्या प्रती जोडून हे लेखी कळवलं, तेव्हा क्लेम सुटला. म्हणून बीपी-शुगर नेमकी कधीपासून, हे पेशंटला विचारून डॉक्टरांकडून पहिल्याच दिवशी स्पष्ट लिहून घ्या. स्टेंटचं (रक्तवाहिनीत बसवलेल्या जाळीदार नळीचं) स्टिकर फाइलमध्ये लागलं की लगेच त्याचा फोटो काढा. फाइल रेकॉर्डला गेली की ते शोधण्यात दुपार जाते.

आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या मे 2024 च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या (बिल थेट हॉस्पिटलला भरण्याच्या) विनंतीवर कंपनीने एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा असतो. उशिरामुळे हॉस्पिटलने जादा आकार लावला, तर तो कंपनीने सोसायचा. पण त्यासाठी फायनल बिल किती वाजता पाठवलं याचा पुरावा लागतो. फोनवर "बघतो साहेब" ऐकून थांबू नका; बोलणं झालं की तेच मेलवर टाका. मला हे काम आवडतं ते याचमुळे: नीट लिहिलेल्या एका मेलने एखाद्या घराचं सोनं गहाण पडायचं वाचतं.

क्लेम नाकारलाच, तर नातेवाइकांना कारण लेखी मागायला सांगा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करायचा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुण्याच्या विमा लोकपालांकडे वर्षाच्या आत जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, आणि 50 लाखांपर्यंतची भरपाई देण्याचा त्यांना अधिकार आहे. लोकपालांचा पत्ता आमच्या काचेवर चिकटवलेला आहे, तुम्हीही चिकटवा.