जीपचा क्राऊन बदलण्याआधी टायरला खडूची रेघ मारा

जीपला मोठे टायर बसवले की पोरं आठ दिवसांत विचारायला येतात, "काका, क्राऊन-पिनियन कोणता टाकू?" (एक्सलच्या पोटात चाकांना फिरवणारी दातेरी चक्रांची जोडी ती; मोठं चक्र क्राऊन, लहान पिनियन.) मी आधी खडू हातात देतो.

माझी जीप सीजे ३बी. वरुडजवळ संत्र्याच्या बागेत कामाला असते, शोला नाही. मूळचं पेट्रोल इंजिन जाऊन महिंद्राचंच २५२३ सीसीचं डीआय डिझेल आलं. (आरटीओत इंजिनबदलाची नोंद आहे. तुमची नसेल तर क्राऊन राहू द्या, आधी ते काम करा.) तीन गियरची टी-९० पेटी आणि हाय-लोची पेटी (फोर-व्हील आणि लो गियर देणारी दुसरी पेटी) जुनीच ठेवली. टायर मात्र ६.००-१६ काढून ३१ इंची घातले.

खडूचं काम असं. गाडीत नेहमीचा माल भरा, हवा नेहमीची ठेवा. टायरवर आणि त्याच्याखाली जमिनीवर रेघ मारा. गाडी सरळ ढकला, टायरवरची रेघ परत जमिनीला टेकली की टेप लावा. टायरवर छापलेल्या मापावर जाऊ नका, वजनानं टायर बसतो. माझा जुना टायर एका फेऱ्यात २.२१ मीटर जायचा, नवा २.४० मीटर जातो. म्हणजे आतलं काहीच न बदलता गियर साडेआठ टक्के उंच झाला, वेग वाढला आणि ओढ तेवढी कमी झाली. ५.३८ चा क्राऊन (म्हणजे शाफ्टचे ५.३८ फेरे झाले की क्राऊनचा एक) जुन्या टायरवरच्या ४.९५ सारखा वागायला लागला. कित्येकांचं काम इथंच भागतं, पण टायरला पैसे घातल्यावर कुणाला थांबवत नाही.

आता आत कोणता क्राऊन आहे ते बघा. विकणाऱ्याच्या शब्दावर राहू नका, ह्या गाड्यांचे हौसिंग (क्राऊनसकट अख्खा एक्सल) चार जागी फिरून आलेले असतात. मागचं एक चाक जॅकवर घ्या, बाकी तिन्ही चाकांना पुढूनमागून गोटे लावा. गियर न्यूट्रल, हाय-लोचा दांडाही न्यूट्रल. हँडब्रेक सोडा, कारण ह्या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकाला नाही, पेटीतून मागच्या एक्सलला जाणाऱ्या शाफ्टला धरतो. शाफ्टवर खडूची खूण करून उचललेलं चाक हातानं बरोबर वीस फेरे फिरवा. दुसरं चाक जमिनीला धरलेलं असल्यानं वीस फेऱ्यांत क्राऊन दहाच वेळा फिरतो. शाफ्टचे फेरे चोपन्नाला थोडे कमी भरले तर ५.३८ (८ दाते पिनियनला, ४३ क्राऊनला). एकोणपन्नासच्या जवळ भरले तर ४.८८ (८-३९), त्रेचाळीसला थोडे कमी तर ४.२७ (११-४७). एकानं फिरवावं, दुसऱ्यानं मोजावं. एकट्यानं केलं की तिसाव्या फेऱ्याला हमखास चूक होते.

हिशेब मोबाईलवर होतो. इंजिनचे आरपीएम गुणिले टायरचा फेरा मीटरमध्ये, गुणिले ०.०६, भागिले क्राऊन, की टॉप गियरचा वेग आला. डीआय इंजिन २५०० च्या वर मला आवडत नाही, कान किटतात. त्या २५०० वर माझ्या नव्या टायरला ५.३८ नं ६७, ४.८८ नं ७४ आणि ४.२७ नं ८४ किमी येतात.

हा ८४ चा आकडा बघून मीही पाघळलो होतो. अमरावतीला जायला बरं म्हणून ४.२७ बसवला. मिस्त्री विचारत होता, "भाऊ, गाडी हायवेवर पयवाची हाय का वावरात चालवाची?" मी ऐकलं नाही. जुन्या टायरवर पहिल्या गियरची ओढ २.८० गुणिले ५.३८, म्हणजे १५ होती. नव्या टायरचा हिशेब धरून ती ११ वर आली, चौथा हिस्सा गेलाच की. आंबिया बहाराची तोडणी चालू असताना ट्रॉलीला वीस कॅरेट लादून पांदणीतून धुऱ्यावर चढवायचं तर क्लच अर्धा दाबूनच सुटायची. एका मोसमात प्लेट जळाली. धामणगाव गढीकडून चिखलदऱ्याचा घाट चढताना तर दुसऱ्यात मरते आणि पहिल्यात ओरडते, असं झालं.

त्याच्या वरचा घोळ पुढच्या हौसिंगचा. मागचा ४.२७ बसला होता, पुढं ५.३८ च राहिला. ज्याच्याकडे काम दिलं तो म्हणाला, "पुढचं मंग पाहू." ह्या जीपमध्ये पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल (दोन बाजू वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी रचना) नाही, दोन्ही शाफ्ट एकाच वेगानं फिरतात. मागचं चाक चार फूट जाईल तेव्हा पुढचं तीन फूट दोन इंचच जाणार. पावसाळ्यात काळ्या जमिनीत फोर-व्हील टाकली तर पुढची चाकं ब्रेक लावल्यासारखी चिखल ढकलत राहिली आणि फोर-व्हीलचा दांडा इतका आवळला की निघेना. शेवटी बैलजोडीनं ओढून काढली. क्राऊन बदलायचा तर पुढचा-मागचा एकाच दिवशी, आणि दोन्हीकडे दाते मोजून.

आता दोन्हीकडे ४.८८ आहे. लोमध्ये पहिला गियर २.८० गुणिले २.४६ गुणिले ४.८८, म्हणजे साडेतेहतीसच्या आसपास. ८०० आरपीएमला गाडी ताशी साडेतीन किमीनं रांगते, माणूस बाजूनं चालू शकतो. शेतात आणि घाटात चालवणाऱ्या डिझेलवाल्यांना ३१ इंची टायरवर मी हाच सांगतो. पेट्रोल इंजिन ठेवलं असेल तर ५.३८ ला हात लावू नका, त्या इंजिनला खालून तेवढी ओढ नाही. ४.२७ फक्त पाच गियरची पेटी असून डांबरीवरच जास्त फिरणाऱ्यानं बघावा.

घेताना क्राऊन आणि पिनियनवर कोरलेला नंबर एकच आहे ना ते पाहा. ती जोडी एकत्र घासून तयार केलेली असते, जुन्या बाजारातला एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन जोडला तर चालताना रडतोच. मागच्या एक्सलला, म्हणजे डाना ४४ ला, ५.३८ वरून ४.८८ वर येताना आतला केज (ज्यावर क्राऊन बसतो तो) तोच चालतो. बसवताना समोर उभे राहा. माझा आताचा मिस्त्री ग्रीसमध्ये शेंदूर कालवून दात्यांना लावतो आणि क्राऊन फिरवतो. ठसा दात्याच्या मधोमध आला तर ठीक, टोकाला गेला तर पुन्हा उघडून शिम (पातळ चकत्या) बदलतो. बॅकलॅश (दोन्हीच्या दात्यांमधली मोकळीक) ०.१३ ते ०.२३ मिमीच्या आत हवा, तो अंदाजानं नाही, डायल गेज लावूनच. तेल हायपॉइडचंच (अशा क्राऊनच्या दात्यांसाठीचं गियर ऑइल). पहिले काही दिवस ट्रॉली जोडू नका आणि पाचशे किमीला ते तेल काढून टाका, त्यात चमकी दिसेल.

स्पीडोमीटरचा दोर हाय-लोच्या पेटीतून निघतो, त्याला तुमचे नवे टायर आणि क्राऊन माहीत नाहीत. माझा काटा ५० दाखवतो तेव्हा गाडी ६० वर असते. काचेवर पेनानं लिहून ठेवलंय.