अमेरिकन प्रेसिडेंटच्या माणसांच्या आठवणी वाचताय? मग या चुका टाळा

व्हाइट हाउसची नोकरी सुटली की तिथला माणूस पुस्तक लिहितोच, आता हा नियमच झालाय म्हणा. चीफ ऑफ स्टाफ लिहितो, परराष्ट्रमंत्री लिहितो, भाषणं लिहून देणारा लिहितो, आणि जो लिहायचा कंटाळा करतो त्याच्याकडे युनिव्हर्सिटीवाले रेकॉर्डर घेऊन पोचतात. आपल्याकडे पण हे वाचणारे कमी नाहीत, कोणी यूपीएससीसाठी वाचतं, कोणाला एकाहत्तरच्या युद्धाचं वेड असतं, कोणाला व्हिडिओ करायचा असतो, आणि मग सगळ्यांचे घोळ साधारण त्याच त्याच जागी होतात.

मी बहुतेक रिचर्ड निक्सन (प्रेसिडेंट, १९६९ ते १९७४) याच्या काळातलीच उदाहरणं देणार आहे, कारण तिथं एक सोय आहे जी बाकी कोणाच्या काळात एवढी नाही. फेब्रुवारी १९७१ पासून जुलै १९७३ पर्यंत त्याच्या ऑफिसात गुपचूप टेप चालू होत्या, साधारण ३७०० तास रेकॉर्डिंग झालं आणि समोर बसणाऱ्या बहुतेकांना त्याचा पत्ता नव्हता. म्हणजे माणसाला नंतर काय आठवलं ते पण हाताशी आहे आणि खोलीत खरंच काय बोलणं झालं ते पण, दोन्ही शेजारी ठेवून बघता येतं.

चूक १: अवतरणचिन्हात आहे म्हणजे तसंच्या तसं बोलले असं धरणं

सगळ्यात जास्त लोक इथं फसतात. पुस्तकात लिहिलेलं असतं की प्रेसिडेंट म्हणाले, "अमुक अमुक", आणि आपण ते उचलून आपल्या लेखात टाकतो. अहो, पंधरा वर्षांनी कोणाला एवढं शब्दशः आठवतं? पंधरा वर्षं सोडा, नऊ महिन्यांनी पण आठवत नाही.

जॉन डीनचं बघा. हा निक्सनचा व्हाइट हाउसमधला वकील, वॉटरगेटमध्ये, म्हणजे विरोधी पक्षाच्या ऑफिसात झालेली घरफोडी दाबण्याच्या प्रकरणात, फुटला आणि जून १९७३ मध्ये सिनेटच्या कमिटीपुढे २४५ पानांचं निवेदन वाचून दाखवलं, कोण कधी आत आलं, कोण काय म्हणालं, सगळं बारीकसारीक. लोक त्याला चालताबोलता टेपरेकॉर्डर म्हणायला लागले. स्मरणशक्तीचं रहस्य विचारलं तर त्याने सांगितलं की मी त्या काळातली पेपरची कात्रणं समोर ठेवून एकेक दिवस आठवत गेलो. तोपर्यंत खऱ्या टेपचं बाहेर कोणालाच माहीत नव्हतं, ते बटरफील्ड नावाच्या अधिकाऱ्याने १६ जुलै १९७३ ला त्याच कमिटीपुढे सांगून टाकलं आणि धमाका झाला.

पुढं उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये डीनची साक्ष आणि टेपचा मजकूर समोरासमोर ठेवून तपासला. १५ सप्टेंबर १९७२ ची मीटिंग घ्या. डीनच्या म्हणण्याप्रमाणे तो आत गेला, प्रेसिडेंटने त्याला बसायला सांगितलं, बॉबने म्हणजे चीफ ऑफ स्टाफ हाल्डेमनने मला सगळं कळवलंय असं म्हटलं, तुझं काम छान झालं, किती अवघड होतं ते मला माहितीय असं म्हटलं, आणि डीन नम्रपणे म्हणाला की याचं श्रेय माझं एकट्याचं नाही. टेपवर सुरुवातीला यातलं काहीच नाहीये! बस म्हटलेलं नाही, बॉबचा विषय नाही, शाबासकी आहे पण ती बऱ्याच वेळाने आणि वेगळ्याच शब्दांत. नायसरचं म्हणणं असं की डीनने जी सांगितली ती मीटिंग त्याच्या मनात जशी व्हायला पाहिजे होती तशी होती, म्हणजे ज्यात तो स्वतः मधोमध उभा आहे.

पण लगेच डीन खोटारडा होता असा निकाल देऊ नका, कारण मोठी गोष्ट त्याने बरोबर सांगितली होती. प्रकरण दाबलं जात होतं, प्रेसिडेंटला ते माहीत होतं आणि त्याची त्याला संमती होती, हे टेपने पक्कं केलं. शब्द चुकले, प्रसंग चुकला, पण चाललेलं काय ते बरोबर.

त्याच साक्षीतला अजून एक किस्सा मला फार आवडतो. डीन म्हणाला की मी कामबाक नावाच्या वकिलाला मेफ्लॉवर हॉटेलात भेटलो. एका सिनेटरने रजिस्टर काढून दाखवलं की त्या दिवशी कामबाक मेफ्लॉवरला उतरलाच नव्हता, तो स्टॅटलर हिल्टनला होता. आता साक्षीदार गेला कामातून असं वाटत असतानाच कळलं की स्टॅटलर हिल्टनमधल्या कॉफी शॉपचं नावच मेफ्लॉवर होतं. भेट झाली होती, जागेचं नाव डोक्यात दुसऱ्या कप्प्यात जाऊन बसलं होतं. त्यामुळे एक तपशील जुळला नाही म्हणून आख्खा प्रसंग कचऱ्यात टाकणं ही पण चूकच, आधी नाव, तारीख, हॉटेल यांची अदलाबदल झालीय का ते बघायचं.

मग आपण लिहिताना काय करायचं? शब्द हवे असतील तर टेप किंवा मीटिंगची मिनिट्स शोधा, आणि फक्त पुस्तकच असेल तर अवतरणचिन्ह काढून "डीनच्या सांगण्यानुसार निक्सनने त्याची तारीफ केली" असं साधं लिहा.

चूक २: जाड पुस्तक म्हणजे पूर्ण पुस्तक

निक्सनचा राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर, त्याच्या आठवणींचा पहिला खंड १९७९ ला आला, जवळपास पंधराशे पानं, आणि त्यात १९७१ च्या भारत-पाकिस्तान प्रकरणावर आख्खं प्रकरण आहे. ते वाचून बरेच लोक म्हणतात की अमेरिकेची बाजू कळली. कळली खरी, पण ती एका घायाळ माणसाची बाजू आहे हे लक्षात ठेवायला लागतं. डिसेंबर १९७१ मध्येच जॅक अँडरसन या पत्रकाराने गुप्त मीटिंगांची मिनिट्स फोडली होती, त्यात किसिंजर सांगतोय की भारताशी पुरेसं कडक वागत नाही म्हणून प्रेसिडेंट मला दर अर्ध्या तासाला झापतोय, त्याला पाकिस्तानच्या बाजूने झुकायचंय. अँडरसनला यावर १९७२ चं पुलित्झर हे पत्रकारितेचं बक्षीस मिळालं आणि किसिंजर जगापुढे उघडा पडला, तर पुस्तकातलं ते प्रकरण म्हणजे त्याला दिलेलं उत्तर आहे. उत्तर म्हणूनच वाचायचं.

आता ४ नोव्हेंबर १९७१. इंदिरा गांधी वॉशिंग्टनला निक्सनना भेटल्या. किसिंजरच्या पुस्तकात ही भेट म्हणजे दोन बहिऱ्यांचं बोलणं, दोघांचं जमलं नाही, बाईंचा ताठा वगैरे. वाचताना वाटतं की चला, दोन्हीकडून थोडं थोडं चुकलं असणार. पण ५ नोव्हेंबरच्या सकाळची टेप आहे, निक्सन, किसिंजर आणि हाल्डेमन कालच्या भेटीवर बोलतायत. त्यात निक्सन इंदिराजींना म्हातारी चेटकीण म्हणतो आणि किसिंजर भारतीयांना सरळ शिवी देतो. हे २००५ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने कागदपत्रांच्या खंडात छापलं, भारतात गदारोळ झाला आणि किसिंजरने खेद व्यक्त केला. १९७९ ला लिहिताना तो निवांत होता कारण टेप कुलपात होत्या, आणि त्याचे टेलिफोनवरचे संवाद जे त्याचा स्टाफ ऐकून टाइप करायचा ते पण २००४ पर्यंत लोकांसाठी बंद होते.

इथंच एक फॉरवर्डवाली चूक पण सांगून टाकतो. व्हॉट्सअॅपवर फिरतं की निक्सनने इंदिराजींना तोंडावर शिवी दिली आणि त्यांनी बाणेदार उत्तर दिलं. नाही हो. ते शब्द पाठीमागे, दुसऱ्या दिवशी, बंद खोलीत बोललेले आहेत, आणि भारतात ते कळायला चौतीस वर्षं लागली, तोवर इंदिराजी हयात पण नव्हत्या. टेपमधलं वाक्य वापरताना तारीख आणि खोलीत कोण होतं एवढं तरी लिहाच.

पाकिस्तानकडे झुकण्याचं किसिंजर अजून एक कारण देतो जे वजनदार आहे. पाकिस्तानचा लष्करशहा याह्या खानवर दबाव आणता येत नव्हता, कारण चीनशी गुप्त संपर्क पाकिस्तानमार्फत चालला होता. खरंय, जुलै १९७१ मध्ये पोटदुखीचं निमित्त करून किसिंजर पाकिस्तानातून गुपचूप पेकिंगला (आजचं बीजिंग) जाऊन आला, ९ ते ११ जुलै. पण मग जुलैनंतर काय? त्यानंतर चीनशी पॅरिसमधून थेट बोलणं सुरू झालं होतं, याह्याची गरज संपली होती, तरी पाकिस्तानला सांभाळणं चालूच राहिलं. पुस्तकात दिलेलं कारण घटनेच्या आख्ख्या काळाला पुरतंय का, का निम्म्या काळालाच, हे तारखा मांडून बघायची सवय लावली की अर्धं काम होतं.

आणि वरच्या साहेबाचं वाचलं तर खालच्याचं पण वाचा ना. ढाक्यात अमेरिकेचा कॉन्सुल जनरल होता आर्चर ब्लड. त्याच्या ऑफिसातून ६ एप्रिल १९७१ ला वॉशिंग्टनला तार गेली, २० अमेरिकन अधिकाऱ्यांच्या सह्या, की पाकिस्तानी लष्कराच्या कत्तलीपुढे गप्प बसायचं आपल्या सरकारचं धोरण नैतिकदृष्ट्या दिवाळखोर आहे. त्याने ती पाठवली, वर पाठिंबा पण लिहिला, आणि लवकरच त्याला तिथून हलवलं. त्याचं पुस्तक २००२ ला आलं, किसिंजरच्या तेवीस वर्षांनी. दोन्ही एकाच सरकारच्या आठवणी आहेत, पण एकाला ढाक्याच्या रस्त्यावर काय चाललंय ते दिसतंय आणि एकाला पेकिंग. ब्लडला चीनचं काही माहीतच नव्हतं, तेही ध्यानात घ्यायला पाहिजे.

एक ठिकाण मात्र असं आहे जिथं टेप कामाला येत नाही. किसिंजरचा दावा आहे की आम्ही दम दिला म्हणून पश्चिम पाकिस्तान वाचला, नाहीतर भारत तिकडे पण घुसला असता. त्याचा आधार म्हणजे दिल्लीतून आलेला सीआयएचा एक रिपोर्ट. भारताच्या बाजूचे लोक असा बेतच नव्हता म्हणतात, आणि १६ डिसेंबरला ढाका पडल्यावर इंदिराजींनी स्वतःहून पश्चिमेकडे युद्धबंदी जाहीर केली हे पण आहेच. निक्सनच्या टेपवरून निक्सनला काय वाटत होतं तेवढं कळतं, दिल्लीच्या मनात काय होतं ते तिथं कसं सापडणार. माझं मत विचाराल तर दावा फुगवलेला आहे, पण हे मत आहे.

चूक ३: पुस्तक कोणाच्या हातून गेलंय ते न बघणं

१९६२ मध्ये रशियाने क्यूबात क्षेपणास्त्रं आणून ठेवली त्या प्रकरणावर, प्रेसिडेंट जॉन केनेडीचा भाऊ रॉबर्ट केनेडीचं पुस्तक १९६९ ला आलं. तो तर जून १९६८ मध्येच मारला गेला होता, मग पुस्तक तयार कोणी केलं? टेड सोरेन्सनने, जो जॉन केनेडीची भाषणं लिहायचा. २७ ऑक्टोबर १९६२ च्या रात्री रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत डोब्रिनिनला भेटला, आणि रशियाने क्यूबातून काढावं, आम्ही तुर्कस्तानातली ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढतो, असं ठरलं, फक्त हे बाहेर बोलायचं नाही. पुस्तकात मात्र तसा सौदा झालाच नाही असं वाटेल अशी मांडणी. १९८९ मध्ये मॉस्कोच्या एका परिषदेत सोरेन्सननेच कबूल केलं की डायरीत ते स्पष्ट होतं, मी ते काढलं, कारण तेव्हा अमेरिकेत पण ते गुपित होतं. वीस वर्षं लोक त्या पुस्तकावरून "केनेडी अजिबात झुकला नाही" असं शिकवत होते. त्यामुळे वहीच्या पहिल्या पानावर तीन सालं लिहून ठेवा: घटना कधीची, पुस्तक कधीचं, सरकारी कागद कधी उघडले. पुस्तक आणि कागद यांच्यात मोठी गॅप असेल तर सावध.

चूक ४: हाकललेला माणूस म्हणजे खोटा माणूस

डोनाल्ड रेगन, नाव सारखं असलं तरी प्रेसिडेंट रेगनचा नातेवाईक नाही, त्याचा चीफ ऑफ स्टाफ. प्रेसिडेंटची बायको नॅन्सी रेगनशी त्याचं फाटलं आणि फेब्रुवारी १९८७ मध्ये त्याला जावं लागलं, आपल्या जागी दुसरा येतोय हे त्याला टीव्हीवरच्या बातमीतून कळलं. त्याने १९८८ ला पुस्तक काढून सांगितलं की प्रेसिडेंटचं वेळापत्रक नॅन्सीबाई सॅन फ्रान्सिस्कोच्या एका ज्योतिषीबाईंना विचारून ठरवतात, आणि माझ्या टेबलावर रंग लावलेलं कॅलेंडर असायचं, हिरवा म्हणजे चांगला दिवस, लाल म्हणजे वाईट, पिवळा म्हणजे बेताचा. (आपल्याकडे यात पुस्तक लिहिण्यासारखं काय आहे असं विचारतील, तो भाग वेगळा.) तो सूड घेत होता हे स्पष्ट दिसतं, आणि तरी गोष्ट खरी होती, पुढच्या वर्षी नॅन्सी रेगनने स्वतःच्या पुस्तकात ज्योतिषाचं मान्य केलं, १९८१ मध्ये प्रेसिडेंट रेगनवर झालेल्या गोळीबारानंतर भीतीपोटी सुरू झालं म्हणून सांगितलं. राग असलेला माणूस निवडून निवडून सांगतो, पण सांगतो ते खोटंच असेल असं नाही. समोरच्या बाजूने काय नाकारलं आणि काय गुपचूप सोडून दिलं ते बघा.

चूक ५: ओरल हिस्टरी (मुलाखतींतून नोंदवलेला इतिहास) म्हणजे कच्चं बोलणं

व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीच्या मिलर सेंटरने कार्टरपासूनच्या प्रेसिडेंटच्या माणसांच्या लांबलचक मुलाखती घेतल्यात आणि बऱ्याच वेबसाइटवर फुकट आहेत, जरूर वाचा. पण तिथं मुलाखत दिलेल्याला मजकूर तपासायला मिळतो, काही भाग बंद ठेवायला सांगता येतो. म्हणजे तोंडातून निघालं तसंच छापलंय असं समजू नका. पुस्तकांचं पण तेच, गुप्त कागद हाताळलेल्या अधिकाऱ्याला छापण्याआधी हस्तलिखित सरकारला दाखवायला लागतं, त्यामुळे एखादा प्रसंग मध्येच तुटल्यासारखा वाटला तर लेखकाला दोष देण्याआधी हे आठवा.

चूक ६: टेप मिळाली म्हणजे विषय संपला

टेपचे आवाज भयानक खराब आहेत, कप आपटतात, दोघं एकदम बोलतात, आणि दोन जाणकारांनी उतरवलेला एकच तुकडा वेगवेगळा निघतो, तेव्हा मजकूर कोणी उतरवला ते बघा आणि जमेल तिथं स्वतः ऐका. शिवाय निक्सनला टेप चालू असल्याचं माहीत होतं. आणि २० जून १९७२ च्या टेपमध्ये साडेअठरा मिनिटं फक्त गुणगुण आहे, वॉटरगेटच्या घरफोडीनंतर तीन दिवसांनी हाल्डेमनशी झालेलं बोलणं नेमकं तिथंच पुसलंय. हाल्डेमनने त्या भेटीत हाताने लिहिलेल्या नोट्स मात्र शिल्लक आहेत, त्यात ऑफिसात चोरून ऐकायची यंत्रं कोणी बसवलीत का ते तपासायचं आणि आपण उलट हल्ला कसा करायचा असे मुद्दे आहेत. टेप गायब असेल त्या तारखेला आधी अशा नोट्स शोधा, मग प्रेसिडेंटची रोजची डायरी, ज्यात कोण किती वाजता आत गेलं आणि किती वाजता बाहेर आलं ते लिहिलेलं असतं, आणि पुस्तकाचा लेखक त्या वेळी खोलीत होता का हे तिथंच कळतं.