मोनोपोलची वाट बघत बसण्याआधी

मोनोपोल, म्हणजे एकच ध्रुव असलेला चुंबकीय कण, टिपायला बसताना द्रव हीलियम, पंप, हातमोजे, केबली यातलं कुणी काही विसरत नाही, म्हणून ते सोडून देते. आधी घड्याळ. स्क्विडची (अतिसूक्ष्म चुंबकीय बदल मोजणाऱ्या उपकरणाची) नोंद, हीलियमचा दाब, कंपनमापक, लाइनचं व्होल्टेज, सगळं एकाच संगणकाच्या एकाच घड्याळावर चालू करा आणि मगच थंड करायला घ्या.

मग नायोबियमच्या अतिवाहक तारेचं वेटोळं. भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकने 1931 मध्ये मांडलेला मोनोपोल त्यातून आरपार गेला तर आलेखावर दर वेढ्यामागे दोन फ्लक्स क्वांटमची (फ्लक्स म्हणजे वेटोळ्यातून जाणारं चुंबकत्व, क्वांटम म्हणजे त्याचं सगळ्यात लहान ठरावीक माप) पायरी उमटते आणि तशीच राहते. साधं चुंबक आत शिरून बाहेर पडलं तर मागे काही उरत नाही. पायरी किती उंच दिसायला हवी ते लांब, बारीक सोलेनॉइडमध्ये (तारेच्या गुंडाळीत) माहीत असलेला प्रवाह सोडून, त्याचं एक टोक वेटोळ्यातून नेऊन आधीच मोजून ठेवा. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र अडवणारं शिशाचं कवच सावकाश थंड करा. घाई केलीत तर आत फ्लक्स अडकतो, पुढे जरासा धक्का लागला की सरकतो, आणि आलेखावर तीही पायरीच दिसते.

म्हणून पुन्हा सांगते, घड्याळ! आमच्या आलेखावर एका पहाटे स्वच्छ पायरी आली, उंचीही जवळपास बरोबर. हीलियम त्याच रात्री भरलं होतं. वहीत माझ्याच अक्षरात 'हीलियम भरलं, रात्री' एवढंच. किती वाजता, ते नाही. दाबाची नोंद दुसऱ्या संगणकावर होती आणि त्याचं घड्याळ कधी जुळवलेलंच नव्हतं. पायरी आधी की हीलियम आधी, कळायला मार्ग नाही. चार महिन्यांतली ती एकमेव पायरी टाकून द्यावी लागली. मिनिट लिहा. सेकंदसुद्धा लिहा.

दुसरं वेटोळं हवंच, तेही वेगळ्या स्क्विडवर. स्टॅनफर्डला ब्लास काब्रेरांना 14 फेब्रुवारी 1982 च्या रविवारी नेमकी हवी तेवढी पायरी मिळाली होती: 5 सेंटिमीटर व्यासाचं, चार वेढ्यांचं वेटोळं, आठ क्वांटम. पण वेटोळं एकटंच होतं, ताडून बघायला दुसरं नाही. पुढे त्यांनी तीन वेटोळी लावली, नंतर त्याहून मोठी यंत्रणा उभारली, तशी पायरी पुन्हा आली नाही.

बाकी खोलीला कुलूप, हीलियमची पुढची खेप, स्क्विडचं लॉक (मोजणीवरची पकड) सुटलं तर त्याची नोंद. आणि घड्याळ रोज सकाळी ताडून बघा.