धुरासोबत पाणी पडते आहे ना?

शिडाच्या बोटीवर इंजिन ही दुय्यम वस्तू आहे, असा समज नव्या माणसाचा सहज होतो. माझाही झाला होता. मुंबई बंदरातील एका 31 फुटी बोटीवर मी हौशी खलाशी म्हणून जाऊ लागलो, तेव्हा शिडे, दोर आणि वारा एवढे कळले की पुरे, असे मला वाटत असे. इंजिन सुरू करण्याचे आणि त्याआधी तळाचा सीकॉक, म्हणजे समुद्राचे पाणी आत घेणारा झडपेचा नळ, उघडण्याचे काम माझ्याकडे होते. पावसाळाभर किनाऱ्यावर चढवून ठेवलेली बोट ऑक्टोबरमध्ये पाण्यात उतरवली, त्या सकाळी मी किल्ली फिरवली आणि सीकॉक उघडायला विसरलो. मिनिटभराने आठवण झाली, मी तो उघडला, मागच्या नळीतून पाणी पडू लागले आणि ही गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही. त्यानंतर दोन आठवड्यांनी मांडव्याकडे जाताना जे घडले, त्याचे मूळ त्या मिनिटात होते.

ते कळण्यासाठी पाण्याची वाट माहीत हवी. बहुतेक छोट्या डिझेल इंजिनांत दोन वेगळी पाणी फिरत असतात. इंजिनाच्या आत गोडे पाणी आणि कूलंट यांचे मिश्रण बंद चक्रात फिरते आणि त्याची उष्णता काढून घेण्यासाठी समुद्राचे खारे पाणी बाहेरून येते. हे खारे पाणी सीकॉकमधून गाळणीत, गाळणीतून रबरी इम्पेलरच्या पंपात, तेथून हीट एक्स्चेंजरच्या बारीक नळ्यांत आणि शेवटी एक्झॉस्टच्या एल्बोमध्ये जाऊन गरम धुरात मिसळते. धूर तेथेच निवतो, म्हणून त्यापुढे रबरी नळी वापरता येते. मागून धुरासोबत उसळत पडणारे पाणी म्हणजे या संपूर्ण वाटेची पावती होय.

त्या दिवशी आधी आवाज बदलला. एरवी पाण्यामुळे दबलेला, गुळगुळ करणारा आवाज कोरडा आणि पोकळ झाला आणि मागे पांढरी वाफ दिसू लागली; तापमानाचा काटा मात्र जागच्या जागी होता. नवीन माणूस येथेच फसतो, कारण काट्याचा सेन्सर आतल्या कूलंटमध्ये असतो आणि बाहेरचे पाणी थांबल्याची बातमी त्याच्यापर्यंत उशिरा पोहोचते. तोवर एक्झॉस्टची रबरी नळी भाजू लागलेली असते. म्हणून इंजिन सुरू झाल्यावर काट्याआधी मागे वाकून पाणी पाहावे आणि प्रवासातही कान त्या आवाजाकडे ठेवावा. आम्ही इंजिन बंद केले आणि पुढचे शीड उघडले. वारा बेताचा असला तरी जहाजांच्या मार्गातून बाहेर पडण्यापुरता होता. बोट सुरक्षित केल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

तपास समुद्राच्या बाजूने सुरू करावा आणि पाण्याच्या वाटेनेच पुढे जावे. आपल्याला जो भाग उघडता येतो तोच आधी उघडण्याचा मोह होतो, तो टाळावा. मुंबई बंदराच्या गाळाने आणि प्लॅस्टिकने भरलेल्या पाण्यात पहिला संशयित नेहमी सीकॉकचे तोंड आणि गाळणी हाच असतो. सीकॉक बंद करून पंपाकडे जाणारी नळी गाळणीपासून सोडवावी आणि सीकॉक क्षणभर उघडावा. गाळणी पाण्याच्या पातळीखाली असेल तर पाणी जोराने आत यायला हवे; ते नुसतेच झिरपत असेल तर बाहेर पिशवी अडकली आहे किंवा तोंडाशी बार्नेकल वाढले आहेत असे समजावे. गाळणीचे झाकण परत लावताना त्याची रबरी कडी नीट बसली पाहिजे, कारण पाण्याच्या पातळीवर असलेल्या गाळणीतून पाणी गळताना दिसत नाही, पण पंप तेथून हवा ओढत राहतो. ही चूक शोधायला फार वेळ जातो.

आमची गाळणी स्वच्छ होती. पंपाचे झाकण काढले तेव्हा सहापैकी तीन पाती तुटलेली दिसली. इम्पेलरला पाणी हेच वंगण असते आणि कोरडा फिरला तर तो थोड्याच वेळात भाजतो; माझ्या विसराळूपणाने तो भाजला होता. नवा इम्पेलर बसवला, पाणी पडू लागले आणि आम्ही परतलो. मात्र पुढच्या फेरीत वेग वाढवला की काटा चढे आणि कमी केला की उतरे. वाट पूर्ण बंद नसून अर्धवट अडल्याची ही खूण आहे. तुटलेली तीन पाती कुठे गेली, हा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता. हीट एक्स्चेंजरचे टोकाचे झाकण उघडल्यावर दोन तुकडे नळ्यांच्या तोंडाशी सापडले आणि तिसरा त्याच्या अलीकडच्या वळणात. तेव्हापासून जुना इम्पेलर काढला की मी पाती मोजतो, आणि इंजिनाची किल्ली सीकॉकच्या दांड्यालाच अडकवून ठेवतो.

मागून पाणी भरपूर पडत असूनही इंजिन तापत असेल, तर दोष बहुधा आतल्या चक्रात असतो: कूलंटची पातळी, पंपाचा पट्टा किंवा न उघडणारा थर्मोस्टॅट. थर्मोस्टॅट काढून पातेल्यात पाणी तापवून तपासता येतो. टाकीचे झाकण मात्र इंजिन पूर्ण निवाल्याशिवाय उघडू नये. आतला दाब मोकळा होताच उकळते पाणी अंगावर येते.

एक धोका वेगळा सांगितला पाहिजे. इंजिन सुरू होत नाही म्हणून स्टार्टर वारंवार फिरवला, तर पंप पाणी ढकलत राहतो, पण ते बाहेर फेकायला धूर नसतो. ते मफलरमध्ये साचत जाऊन मागे सिलिंडरमध्ये शिरू शकते, आणि पाणी दाबले जात नसल्यामुळे इंजिनाचा कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी सीकॉक बंद करूनच प्रयत्न करावा आणि इंजिन पेटताच तो लगेच उघडावा. सीकॉकपाशी त्यासाठी एक माणूस बसवावा आणि त्याला दुसरे कोणतेही काम देऊ नये.

एल्बो तपासायला आम्हाला दुसरा हंगाम उजाडला. तेथे काजळी आणि क्षार एकत्र साचतात आणि वाट इतकी हळूहळू अरुंद होते की रोज पाहणाऱ्याला पाणी कमी झाल्याचे जाणवत नाही. आमचा एल्बो बाहेरून गंजलेला, पण धडधाकट दिसत होता. काढून उजेडाकडे धरला, तेव्हा आतल्या भोकातून माझी करंगळीसुद्धा जात नव्हती.