नोकरी न सोडता सीडीए

मी न्यू जर्सीतल्या एका डेकेअरमध्ये दोन वर्षांच्या मुलांचा वर्ग पूर्णवेळ सांभाळते. सीडीए, म्हणजे चाइल्ड डेव्हलपमेंट असोसिएट हे लहान मुलांच्या शिक्षकांसाठीचं अमेरिकेतलं प्रमाणपत्र, नोकरी करता करता होतं, कारण नोकरी हाच त्यातला निम्मा अभ्यास. 480 तासांचा अनुभव लागतो. आठवड्याचे 40 धरले तर 12 आठवड्यांत भरतो.

प्रशिक्षणाचे 120 तास ऑनलाइन करता येतात. विषय 8, आणि प्रत्येकाला किमान 10 तास हवेतच. पैसे भरण्याआधी ही विभागणी तपासा. मुलं दुपारी झोपली की अभ्यास करू, हे मात्र डोक्यातून काढा. एक झोपतं तोवर दुसरं उठतं! रात्री जेवणं उरकल्यावरचा तासच खरा.

खरा वेळ खातो तो पोर्टफोलिओ. 6 क्षमतांवर आपल्याच वर्गातली उदाहरणं देऊन लिहायचं असतं. त्यासाठी खिशात छोटी वही ठेवा. ‘मुलं वस्तू वाटून घेतात’ हे काहीच सांगत नाही. ‘दोघांना एकच लाल ट्रक हवा होता, मी वाळूचं घड्याळ ठेवलं, वाळू संपल्यावर पहिल्याने ट्रक पुढे सरकवला’ असं लिहा. मुलांची नावं टाळा.

पोर्टफोलिओत वर्गातल्या मुलांच्या पालकांनी भरलेल्या प्रश्नावल्याही लागतात. त्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या तोंडावर वाटू नका, परत येत नाहीत.

परीक्षा 65 प्रश्नांची, पावणेदोन तासांची. शिवाय तज्ज्ञ वर्गात येऊन तुमचं काम बघतात, म्हणून डायरेक्टरच्या कानावर आधीच घाला. त्याच बैठकीत फी सेंटर भरेल का, तेही विचारून टाका, लाजू नका.