मोफत वकिलासाठी मोबाइलवरून अर्ज कसा करावा

फॉर्म उघडण्याआधी एक गोष्ट ठरवा: मोबाइल नंबर कुणाचा द्यायचा? मुंबईतल्या दहा बाय बाराच्या खोलीत बऱ्याचदा एकच धड फोन असतो आणि तो नवऱ्याच्या खिशात असतो. मानखुर्दच्या आमच्या वस्तीतल्या एका ताईंनी पोटगीच्या केससाठी वकील मागितला होता. शेजारच्या मुलाने मायेने फॉर्म भरून दिला, पण नंबर घातला तो घरातला, म्हणजे नवऱ्याचा. चौकशीचा फोन त्यालाच गेला. ताईंना त्याच रात्री माहेर गाठावं लागलं. तेव्हापासून मी कुणाचाही अर्ज भरायला बसले की पहिलं बोलणं नंबराचं करते. बहिणीचा, आईचा, विश्वासातल्या शेजारणीचा नंबर द्या, आणि ज्यांचा देताय त्यांना आधी सांगून ठेवा.

दुसरं, हक्क कुणाला आहे ते पाहा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ सालचा. त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीत किंवा तुरुंगात असलेले लोक, या सगळ्यांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. बायकांना "आधी उत्पन्नाचा दाखला आणा" असं कुणी सांगितलं, तर शांतपणे कलम १२ दाखवा. यात न बसणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला ३ लाख रुपये उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि त्यासाठीही कलम १३ प्रमाणे उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं. वकिलाच्या फीबरोबर कोर्ट फी आणि कागदपत्रांचा खर्चही या मदतीत येतो.

एक गोंधळ इथेच मिटवते. लोक या वकिलाला "सरकारी वकील" म्हणतात. सरकारी वकील वेगळा, तो फौजदारी खटल्यात सरकारची बाजू मांडतो. तुम्हाला मिळतो तो पॅनलवरचा, म्हणजे विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीतला वकील, आणि तो तुमचाच असतो.

आता कागद. आधी साध्या वहीच्या पानावर मराठीत दहा ओळी लिहा: तुम्ही कोण, समोरचा कोण, काय झालं, कधी झालं, तुम्हाला काय हवंय. "फार त्रास दिला" असं लिहून वकिलाच्या हाती काही लागत नाही. "गणपतीनंतरच्या सोमवारी घराबाहेर काढलं, तेव्हापासून एक रुपया दिला नाही" यातून लागतं. तारीख आठवत नसेल तर सण आठवा, मुलाची परीक्षा आठवा. या कामाला अर्धा तास द्या. पुढचं सगळं यावर उभं राहतं. मग उजेडात त्या पानाचा फोटो काढा. आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला, लागू असेल ते, कोर्टाची नोटीस आली असेल तर तिची प्रत्येक बाजू, असे फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा.

अर्ज करायचा तो राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे नाल्साच्या संकेतस्थळावर. पत्त्याच्या शेवटी "जीओव्ही डॉट इन" आहे ना, ते तपासा. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. फॉर्ममध्ये राज्य महाराष्ट्र निवडा. जिल्ह्यापाशी थांबा, कारण मुंबईत जिल्हे दोन आहेत. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत मुंबई शहर; वांद्रे, कुर्ल्याच्या पुढे दहिसर, मुलुंड, मानखुर्दपर्यंत मुंबई उपनगर. केस आधीच चालू असेल तर कोर्ट कुठलं ते नीट लिहा. फोटो जोडा, अर्ज पाठवा आणि जो अर्ज क्रमांक मिळेल त्याचा स्क्रीनशॉट काढा. शिवाय तो वहीतही लिहा. फोन पाण्यात पडतात, गहाण पडतात.

अर्जावर निर्णय ७ दिवसांत व्हायला हवा, असं नाल्साचे २०१० चे नियम सांगतात. आठव्या दिवशी १५१०० या नाल्साच्या हेल्पलाइनवर फोन करून अर्ज क्रमांक सांगा आणि विचारा. फॉर्म जमतच नसेल तर सुरुवातही याच नंबरपासून करा. नुसता सल्ला हवा असेल, तर टेली-लॉ या फोनवरून कायद्याचा सल्ला देणाऱ्या सरकारी सेवेचा १४४५४ आहे.

वकील मिळाला की त्यांच्याकडून केसचा सीएनआर नंबर, म्हणजे कोर्टात प्रत्येक केसला मिळणारा वेगळा नंबर, मागून घ्या. तो १६ अक्षरी-अंकी असतो. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे ॲप फुकट आहे. त्यात हा नंबर टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखांना काय झालं ते दिसतं. नुसती तारीख विचारायला अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून फोर्टला जाणाऱ्या बायका मी पाहिल्यात. ते आता नको.

पॅनलच्या वकिलाने पक्षकाराकडून फी घ्यायची नसते, चहापाण्यालाही नाही. मागितलीच, तर ज्या प्राधिकरणाने वकील दिला तिथेच लेखी तक्रार करा, अर्ज क्रमांक घाला. वकील बदलूनही मागता येतो.

घरातल्या कुणाला पोलिसांनी उचललं असेल तर मात्र फॉर्म भरत बसू नका. अटक झालेल्याला २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावंच लागतं, आणि त्या पहिल्या हजेरीपासून मोफत वकिलाचा हक्क लागू होतो. कोर्टात जा, रिमांडचे वकील, म्हणजे अटक झालेल्यांसाठी पहिल्या हजेरीला उभे राहणारे मोफत वकील, कोण ते विचारा. आत उभ्या असलेल्या माणसाने स्वतः म्हणायचं, "साहेब, मला वकील नाही, द्या." तोवर घरच्यांपैकी एकाने महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून एफआयआरची प्रत काढून ठेवावी. लैंगिक गुन्ह्यांसारख्या नाजूक प्रकरणांत ती तिथे नसते; तेव्हा ठाण्याचं नाव आणि गुन्हा क्रमांक चिठ्ठीवर लिहून वकिलाच्या हातात द्या.