साथीत घरातल्या माणसाचं मन बिघडतं तेव्हा: या चुका टाळा

साथ आली की घरात थर्मामीटर येतो, ऑक्सिमीटर येतो, काढ्याची तयारी होते. मनाचं मात्र 'आधी हे निस्तरू, मग बघू' असंच होतं. कोविडच्या पहिल्या वर्षात जगभर चिंताविकार आणि नैराश्य सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये मांडला. म्हणजे हा त्रास साथ संपायची वाट बघत नाही. आणि घरच्यांच्या हातून होणाऱ्या बऱ्याच चुका ओळखण्यातल्या असतात: मनाचं दुखणं शरीराचं वाटतं, शरीराचं मनाचं.

धाप लागली की 'तू घाबरलायस' म्हणून मोकळं होणं

कोविडमध्ये काहींचा ऑक्सिजन खाली गेला तरी त्यांना धाप जाणवत नव्हती, आणि काहींचा जीव ९८ असतानाही घुसमटत होता. म्हणून अंदाज नंतर, ऑक्सिमीटरची मोजणी आधी. बोट गार नको, नेलपॉलिश नको, हात स्थिर ठेवा आणि आकडा ठरेपर्यंत थांबा. ९४ च्या खाली असेल तर चर्चा न करता डॉक्टर गाठा.

आकडा चांगला आहे, तरी छातीत धडधड, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या, 'आता मी जाणार' अशी खात्री, हे बहुधा भीतीच्या झटक्याचं चित्र. तो साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि अर्ध्या तासात ओसरतो. अशा वेळी 'जोरजोरात श्वास घे' सांगू नका. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मुंग्या आणखी वाढतात. श्वास सावकाश, लांबवत सोडायला सांगा, शेजारी बसा. मात्र वयस्कर किंवा मधुमेही माणसाच्या छातीत पहिल्यांदाच दुखत असेल, घाम फुटला असेल, तर भीती समजून थांबू नका.

मशीन दर पाच मिनिटांनी बोटाला लावणं हीसुद्धा चूकच. डॉक्टर सांगतील त्या ठरावीक वेळा पाळा आणि मधल्या काळात ते कपाटात ठेवा. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर घाला घालणारा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा हाताला मुंग्या आल्या की धस्स होणं साहजिकच होतं. तिथेही फरक करता येतो: भीतीच्या मुंग्या येतात आणि जातात. जीबीएसमध्ये ताकद कमी होत जाते, जिना चढणं, खुर्चीतून उठणं तासागणिक, दिवसागणिक जड होतं. असं झालं तर लगेच रुग्णालय.

आजीच्या बडबडीला 'टेन्शन' म्हणणं

काल नीट बोलणारी आजी आज तापात घरच्यांना ओळखत नाही, रात्री खोलीत माणसं दिसतात म्हणते, सलाइन ओढते. हा आजारपणातला भ्रम, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत डिलिरियम आहे. कारण शरीरात असतं: घटलेला ऑक्सिजन, संसर्ग, बिघडलेलं सोडियम. ही तातडीने कळवायची गोष्ट आहे. स्टेरॉइड चालू असलेल्या रुग्णाची झोप उडणं, चिडणं, क्वचित संशय घेणं, हेही औषधामुळे होऊ शकतं. डॉक्टरांना सांगा, पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

दारू सुटली म्हणून आनंद मानणं

मार्च २०२० च्या टाळेबंदीत दारूची दुकानं बंद झाली आणि कित्येक घरांना 'बरं झालं' वाटलं. पण वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली, की पहिल्या दिवशी थरथर, घाम, उलट्या सुरू होतात, फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास होऊन माणूस सैरभैर होतो. यात जीव जातो. 'चार दिवस कोंडून ठेवा' हा सल्ला ऐकू नका. यावर औषधं आहेत, बी-१ जीवनसत्त्व द्यावं लागतं, डॉक्टर हवाच. घरातलं सॅनिटायझरही अशा माणसाच्या हाती लागू देऊ नका. एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत ते पिऊन माणसं दगावली.

मृत्यू लपवत राहणं

कोविडच्या दुसऱ्या लाटेत एकाच घरातली दोघं-तिघं वेगवेगळ्या वॉर्डांत होती. नवरा गेल्याचं बायकोला कळू दिलं नाही, अंत्यदर्शन नाही, दहावं व्हिडिओ कॉलवर. काही दिवस थांबणं समजू शकतं. पण रुग्ण सावरू लागला की डॉक्टरांशी बोलून, जवळच्या माणसाने शेजारी बसून, स्पष्ट शब्दांत सांगायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. नंतर ते बाहेरून कळलं तर दुःखासोबत घरच्यांवरचा विश्वासही जातो. राहून गेलेला निरोप वर्षश्राद्धाला सगळ्यांनी जमून दिला तरी चालतो. 'माझ्यामुळेच घरात आजार आला' हे कुणी बोललं, तर 'सोड ते' म्हणून गप्प करू नका, पूर्ण बोलू द्या.

विचारायला कचरणं

'जगावंसं वाटत नाही' असं कुणी म्हणालं, तर सरळ विचारा: जीव द्यायचे विचार येतात का? विचारल्याने ते मनात पेरले जात नाहीत. उत्तर हो असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध आणि गोळ्यांचा साठा कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास, मोफत आणि मराठीत बोलता येतं.

आधीपासूनच्या गोळ्या बुडवणं

ओपीडी बंद, बस नाही, म्हणून मनोविकाराच्या गोळ्या सुटल्या आणि वर्षानुवर्षं सांभाळलेला आजार उलटला, ही टाळता येण्याजोगी गोष्ट आहे. चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, गोळ्या संपायच्या आधी डॉक्टरांना फोन करा. मार्च २०२० पासून फोनवरच्या सल्ल्याला सरकारी नियमांचा आधार आहे. लिथियम (मनाचे चढउतार आवरणारं औषध) घेणाऱ्यांनी जास्त जपावं: ताप, जुलाब, उलट्या होऊन शरीरातलं पाणी कमी झालं, की रक्तातली त्याची पातळी वाढते. हात जास्त कापू लागले, चाल लटपटली, जीभ जड झाली, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि फोन लागला नाही तर थेट रुग्णालयात जा.